डिकीतला खर्ज

३ मार्च, सोमवार

निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी ही डायरी दिली त्याला तीन महिने झाले. पानांना सोनेरी कडा आहेत, म्हणून वापरायचा धीर होत नव्हता. आज सकाळी मी मिक्सर उघडून बसलो तेव्हा ही म्हणाली, "चांगला चालू मिक्सर उघडलात, आता तो बंद पडणार. त्यापेक्षा काहीतरी लिहीत बसा." मिक्सर खरंच बंद पडला. म्हणून लिहितो आहे.

तेहेतीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. प्रत्येक लिफ्टचं एक रजिस्टर असतं, त्यात तारीख, तक्रार, कारण, उपाय आणि खाली सही एवढंच लिहायचं. याहून लांबलचक मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

तक्रार: आमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या दारातला स्पीकर घसा बसल्यासारख्या बातम्या देतो.
कारण: पाहिलेलं नाही.
उपाय: उद्या बघू.

४ मार्च, मंगळवार

पेट्रोल पंपाच्या मागे एक बाई गाड्यांचे स्टिरिओ बसवतात. पन्नाशीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात, खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर. सगळे त्यांना फिटरबाई म्हणतात, मीही तेच म्हणेन. दाराचं अस्तर त्यांनी चार मिनिटांत उतरवलं. एक क्लिप तुटली नाही. हात कसा आहे ते मला लगेच कळतं, आणि हा हात चांगला आहे. स्पीकरचा कागद कडेने उसवला होता. नवा बसवून झाल्यावर म्हणाल्या, "काका, लावा काहीतरी. ऐकून बघू."

रेडिओ लावायला गेलो तर बोट चुकलं आणि पेन ड्राइव्ह सुरू झाला. तो तिथे खोचलेला आहे हे मी विसरलो होतो.

खोटं लिहिलं. स्वतःच्या डायरीत खोटं लिहून कुणाला फसवायचं? तो तिथे आहे हे मला गाडी सुरू करताना रोज माहीत असतं.

काडीचं गाणं लागलं. काडी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी अंगाने इतकी बारीक की नाव पडलं काडी, आणि आता सत्तावीस वर्षांची झाली तरी तेच चिकटून आहे. ती एका बँडमध्ये बास गिटार वाजवते. चार जाड तारांचं ते धूड तिच्यापेक्षा वजनाला जास्त असेल.

फिटरबाईंनी अर्धं कडवं ऐकलं, भुवया वर केल्या आणि पेन ड्राइव्ह काढून आत घेऊन गेल्या. आत त्यांचे स्वतःचे मोठे स्पीकर आहेत. काचेचं दार लावून घेतलं, मी गाडीतच बसून राहिलो. पाच मिनिटांनी बाहेर आल्या.

"बास गिटार कोण वाजवतंय यात?"

"का?"

"चांगलं वाजवलंय. घाई नाही, मिरवणं नाही. पण तुमच्या या गाडीत त्यातलं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. कोण आहे?"

"कोणी ओळखीचं नाही," मी म्हणालो.

असं का म्हणालो, देव जाणे.

७ मार्च, शुक्रवार

तीन दिवस डोक्यात तेच घोळतंय. लिहून टाकलेलं बरं.

मागच्या वर्षी जानेवारीत काडी हे गाणं घेऊन आली. त्यांच्या बँडचं पहिलंच रेकॉर्डिंग. नोकरी सांभाळून दोन वर्षं तालमी केल्या होत्या. त्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बाहेर निघालो होतो. ही माझ्या शेजारी. मागे काडी, माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा. काडीने पेन ड्राइव्ह लावला आणि मी आवाज पूर्ण वाढवला. मुलीचं पहिलं गाणं, ते काय हळू लावायचं? शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मी म्हणालो, "गाणारी ऐकू आली, ढोल ऐकू आला, त्या दुसऱ्या गिटारने तर कान खाल्ले. तू नक्की होतीस ना गं तिथे, का तुला चहा करायला ठेवलं होतं?"

सगळे हसले. बहिणीच्या नवऱ्याला तर हसून हसून ठसका लागला. काडीही हसली, असं मला तेव्हा आरशात दिसलं होतं.

दहा दिवसांनी तिने ऑफिसात बदली मागून घेतली. दुसरं शहर, सहा तासांचा रस्ता. तिथे गायक-वादक जास्त असतील, असं मी धरून चाललो. तेव्हापासून फोनवर माझ्या वाट्याला तीन वाक्यं येतात: "बरी आहे. तुम्ही गोळी घेताय ना? आईला द्या." घरी आली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा मी ड्यूटीवर असताना.

आज फिटरबाईंकडे पुन्हा गेलो. स्पीकर ठीक आहे हे सांगायला गेलो असं म्हणालो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी विचारलं, "त्या दिवशी म्हणालात, माझ्या गाडीत बास ऐकू येणार नाही. का?"

"काका, कंपनीतून येतो तो स्टिरिओ लबाड असतो. दारातले स्पीकर कागदाचे. खालच्या सुरांनी ते फाटतात. मग स्टिरिओ काय करतो, तुम्ही आवाज वाढवलात की खालचे सूर आपणहून कापतो. जितका आवाज मोठा तितका बास कमी. पूर्ण वाढवलात, तर बास वाजवणारा गाडीतून उतरून गेलाच समजा."

"म्हणजे हळू लावलं असतं तर?"

"तर थोडा तरी कळला असता."

येताना सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी मी थांबूनच होतो. मागच्यांनी हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

९ मार्च, रविवार

ठरवलं. डिकीत सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांसाठीचा मोठा स्पीकर, बसवायचा आणि त्याला ॲम्प्लिफायर. हिला सांगितलं की आवाज जरा भरीव व्हावा म्हणून.

"बातम्या भरीव ऐकून काय करणार?" ही म्हणाली. "आणि भाजीच्या पिशव्या कुठे ठेवायच्या?"

"मागच्या सीटवर."

"आणि माणसं?"

माणसं येतातच किती आता, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मग सहज विचारलं, काडी काय म्हणते. तर म्हणे संध्याकाळी पोहायला जाते हल्ली, रोज. मी म्हटलं, मग तालीम कधी करते? "करत असेल कधीतरी," असं म्हणून हिने वाटाणे इतक्या जोरात सोलले की चार पलंगाखाली गेले. ते मीच काढले.

दुपारी ही गॅलरीत फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा कानावर आलं: "नाही गं, अजून नाही सांगितलं त्यांना. कसं सांगू?" मिक्सरचं असणार. तो नीट होण्यापलीकडे गेलाय हे मला सांगायला ही कचरत असेल. मी काही इतका तापट नाही. नवा घेऊ.

१२ मार्च, बुधवार

सामान आणलं. काळं खोकं, त्यात ताटाएवढा वूफर. ॲम्प्लिफायर म्हणजे पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा. आणि एक छोटी डबी. दारातल्या स्पीकरच्या तारांमधून आवाज उचलून ती ॲम्पला देते आणि स्टिरिओने कापलेला खर्ज जमेल तेवढा भरून काढते. कंपनीचा स्टिरिओ जागचा हलवायचा नाही, बाहेरून गाडी जशीच्या तशी.

फिटरबाई म्हणाल्या, "शनिवारी आणा, बसवून देते."

"बसवणार मी."

"काका, तुम्ही लिफ्टवाले ना?"

"तेहेतीस वर्षं. बंद पडलेल्या लिफ्टच्या भिंतीला कान लावून कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते सांगायचो. मला वायरिंग शिकवू नका."

"नाही शिकवत," त्या म्हणाल्या. "फक्त स्पीकरच्या तारा जोडताना नीट बघा. अडलं तर या."

अडतंय कसलं! उत्साहात हिच्यासाठी नवा मिक्सरही घेऊन आलो. हिला आनंद होण्याऐवजी ती बुचकळ्यातच पडली. "मी कुठे मिक्सर मागितला होता?" असं दोनदा विचारलं.

१५ मार्च, शनिवार

सकाळी सातपासून गाडीखाली, गाडीत आणि गाडीवर. बॅटरीपासून जाड लाल केबल काढली, जवळच फ्यूज टाकला. पुढच्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्याला भोक पाडून केबल आत घेतली आणि पायपुसण्यांच्या खालून मागे नेली. उलट बाजूची केबल डिकीच्या पत्र्याला. तिथला रंग खरवडून खालचं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, मगच बोल्ट आवळला. कामात चालढकल केलेली मला खपत नाही. दुपारी ही खाली येऊन बघून गेली. म्हणाली, "गाडी परत जोडता येणार आहे ना? मिक्सरसारखं नको." मग थोडा वेळ तिथेच उभी राहिली. "कशासाठी करताय हे सगळं?" असं हळूच विचारलं.

"सांगितलं ना, आवाज भरीव..."

"बरं," म्हणाली आणि वर गेली.

खरं लिहितो. मला ती ऐकायची आहे. वर्षभर ती माझ्याशी बोलत नाही, निदान वाजवते कशी ते तरी ऐकू दे. एका परक्या बाईला अर्ध्या कडव्यात कळलं, आणि जन्मदात्या बापाला कळू नये? एकदा नीट ऐकलं की फोन करून सांगता येईल, ऐकलं गं मी. त्याच्याशिवाय कुठल्या तोंडाने फोन करणार?

१६ मार्च, रविवार

सगळं जोडलं. स्पीकरच्या तारांत एक कोरी, एकीवर रेघ. रीतसर बघून जोडल्या. किल्ली फिरवली, ॲम्पवर हिरवा दिवा लागला. गाणं लावलं.

काही नाही. काही नाही नव्हे, पहिल्यापेक्षा कमी. गाणारीचा आवाज पोकळ डब्यातून आल्यासारखा, आणि खाली जमीनच नाही. उतरून डिकी उघडली तर वूफर चांगला आतबाहेर होतोय, हात लावला तर हाताला धक्के बसतायत. सीटवर येऊन बसलो की गायब. ॲम्पची तार काढून बघितली, तर आवाज उलट सुधारला! म्हणजे एवढं धूड बसवून मी होता तोही खर्ज घालवला.

हिला खाली बोलावलं. म्हटलं, बस, तुझे कान तरुण आहेत. ही बसली. एक कडवं झालं आणि म्हणाली, "बंद करा."

"ऐकू आलं का काही?"

"मला नाही कळत यातलं. बंद करा हो." आणि दार उघडून निघून गेली. डोळ्यांत पाणी होतं. मी काल रंग खरवडला होता त्याची धूळ गाडीभर झाली आहे, उद्या पुसायला हवी.

१८ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं नाही, बँकेत जातो म्हणालो. खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, बारीक-जाड सगळे आवाज ऐकवले. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे कान फार कमी लोकांचे असतात. तुम्हाला वाटतंय कशामुळे की ऐकू येत नाही?" काय सांगणार? "मुलगी ऐकू येत नाही," असं म्हणालो असतो तर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

म्हणजे कान ठीक, वायरिंग ठीक. मग राहिलं काय? आज दिवसभर एक घाणेरडा विचार मनात येतोय. ती वाजवतच नसेल नीट. रेकॉर्डिंगवाल्यांनी तिचा आवाज मागे ढकलून दिला असेल, आणि फिटरबाईंनी खोकं खपवायला माझी स्तुती, म्हणजे तिची स्तुती केली असेल. म्हणजे त्या दिवशी मी बोललो ते खरंच होतं.

हे लिहिलं आणि स्वतःची लाज वाटली. बापाला आपण खरे ठरावं म्हणून मुलगी खोटी ठरलेली चालते की काय? पान फाडणार होतो. सोनेरी कडेमुळे ठेवलं.

२१ मार्च, शुक्रवार

तीन दिवस मानी माणसासारखा घरी बसलो आणि आज शेपूट घालून फिटरबाईंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. पुढच्या सीटवर बसून दहा सेकंद ऐकलं, मागे जाऊन वायरिंग पाहिलं. "बोल्टच्या खालचा रंग कोणी काढत नाही हल्ली," म्हणाल्या. मग स्पीकरच्या तारांपाशी आल्या. "रेघेची तार जिवंत धरलीत?"

"मग? रेघ म्हणजे जिवंतच."

"असं कोण म्हणतं?"

आमच्या वर्कशॉपची पद्धत. आमच्या उस्तादांनी घालून दिलेली. जिच्यात वीज आहे त्या तारेवर आपण रेघ ओढून ठेवायची, म्हणजे मागून येणाऱ्या माणसाचा हात वाचतो. तेहेतीस वर्षं मी ती रेघ बघून हात मागे घेतला आहे. जग वेगळी रेघ मारत असेल हे डोक्यातच आलं नाही.

"स्पीकरच्या तारांत उलटं असतं काका. रेघेची ती वजा. तुमचं सगळं चालू आहे, फक्त उलटं चालू आहे. दारातला स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा मागचा वूफर ती ओढून घेतो. दोघं जीव तोडून काम करतायत आणि एकमेकांचं पुसतायत. मधे बसलेल्याला काही मिळत नाही."

डिकीत वाकून त्यांनी खोक्यामागच्या दोन तारांची अदलाबदल केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. "बसा आता. आणि आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका."

गाणं लागलं.

ती पहिल्या ओळीत नाहीच. गाणारी एकटी. दुसऱ्या ओळीला खालून कोणीतरी आलं आणि सीट, दार, माझी पाठ, सगळ्याला ते लागलं. काडी. अगदी तीच. लहानपणी माझ्यामागे जिना चढायची तशी, एक पायरी न गाळता. बाकीचे पळतात, उड्या मारतात, ढोलवाला तर अंगात आल्यासारखा बडवतो, आणि ही खाली सगळ्यांना धरून चालली आहे. तिने हात सोडला तर गाणं कोसळेल, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. आणि मी भरल्या गाडीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, तू होतीस ना तिथे?

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, पेट्रोल पंपाच्या मागे, भर दुपारी. फिटरबाई लांब जाऊन उगाच केबल गुंडाळत राहिल्या. त्या परत आल्या तेव्हा मी म्हणालो, "माझी मुलगी आहे."

"वाटलंच होतं."

"मागच्या वेळी मी..."

"काका, परक्या माणसाच्या गाण्यासाठी कोणी गाडीचे पत्रे खरवडत नाही," त्या म्हणाल्या. "फोन करा तिला."

२२ मार्च, शनिवार

हिला गाडीत बसवून ऐकवलं. हिने पूर्ण ऐकलं. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी म्हणालो, आता काडीला फोन करतो, सांगतो की नवं गाणं झालं की लगेच पाठव.

"नवं गाणं नाही होणार," ही म्हणाली. "तिने वाजवणं सोडलंय."

"कधी?"

"इथून गेली त्याच महिन्यात. गिटार तिच्या पलंगाखाली आहे. तारा काढून ठेवल्यात."

गाणं चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" हिने आवाज चढवला नाही. "वर्षभर 'काय म्हणते' विचारता. मी म्हणते बरी आहे, तुम्ही पेपर उघडता. तीच म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल त्यांच्यामुळे सोडलं. आणि मी तरी कसं सांगणार होते? दहा दिवस ते खोकं जोडत होता तुम्ही, लहान मुलासारखे. रोज ठरवायचे, आज सांगते."

मग आठवलं, गॅलरीत ही कशाबद्दल बोलत होती. मिक्सरचं नव्हतं.

दिवसभर कुठे बसलो, काय खाल्लं, लक्षात नाही. एवढा खटाटोप करून तिला ऐकण्याची सोय केली आणि ऐकायला आता हे एकच गाणं, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं.

२३ मार्च, रविवार

सकाळी दहा वाजता गाडीत बसून फोन केला. घरून केला असता तर हिच्याकडे देऊन मोकळा झालो असतो.

"बरी आहे," काडी म्हणाली. "गोळी घेताय ना? आईला द्या."

"आई वर आहे. मी गाडीत आहे. मला तुला एक सांगायचंय. कंपनीचा जो स्टिरिओ असतो ना, तो आवाज वाढवला की खालचे सूर कापतो." मग मी सुटलोच. कागदी स्पीकर, छोटी डबी, बॅटरीची केबल, रेघेची तार, अदलाबदल. तिने मधे एकदा "हं" केलं. कानाच्या डॉक्टरांपर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही माफी मागताय का?"

"हो," मी म्हणालो. "मला येत नाही ती मागता. त्या दिवशी मी आवाज वाढवला तो तुझं कौतुक म्हणून. आणि मग बोललो ते... ते बोलायला नको होतं. ऐकू आलं नव्हतं तर गप्प बसायचं होतं. आता ऐकलं मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं."

ती म्हणाली, "मी काही तुमच्यामुळे नाही सोडलं."

"बरं."

"थोडं तुमच्यामुळे."

"बरं."

मग म्हटलं, थांब, तूच ऐक. फोन सीटवर ठेवला आणि गाणं लावलं. काडी खालून आली आणि दारं थरथरली. पूर्ण झाल्यावर फोन उचलला. "ऐकलंस?"

"गाणारी ऐकू आली बाबा," ती म्हणाली. "ढोल ऐकू आला. फोनमध्ये खालचे सूर येत नाहीत. मी नाही ऐकू आले."

तिने चिडवलं नाही, नुसतं सांगितलं. पण ते वाक्य ऐकल्यावर मला बसल्या जागी कळलं की त्या दिवशी मागच्या सीटवर तिला काय झालं असेल.

"मग गाडीतच बसून ऐकायला हवं," मी म्हणालो.

"मला सुट्टी नाही इतक्यात."

"तू कशाला येतेस? मी येतो. गाडी चालते म्हणून तर तिला गाडी म्हणतात."

त्यावर ती किंचित हसली असावी. फोनवर नक्की सांगता येत नाही.

२९ मार्च, शनिवार

हे तिच्या घराजवळच्या लॉजवर बसून लिहितो आहे. ही आली नाही. "तुम्ही एकटे जा," म्हणाली, आणि मागच्या सीटवर डब्यांची चळत रचून दिली. सहा तासांचा रस्ता, वाटेत एकदाही ते गाणं लावलं नाही. तिच्याबरोबर ऐकायचं होतं.

तिची इमारत चार मजल्यांची आहे. लिफ्ट नाही, त्यामुळे वर जाऊन तपासायचं निमित्तही नाही. खाली गाडी लावून फोन केला. ती चपला घालून तशीच उतरली, केस ओले, बहुतेक पोहून आली होती. आणखी बारीक झाली आहे. शेजारच्या सीटवर बसली, दार लावलं, मागे वळून खोक्याकडे बघितलं. "हे तुम्ही बसवलंत?"

"अर्धं उलटं बसवलं होतं."

गाणं लावलं. पूर्ण वेळ ती समोरच्या काचेतून बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. डोळे भरले नाहीत, काही नाही. संपल्यावर म्हणाली, "एका ठिकाणी चुकलेय मी. दुसऱ्या कडव्यानंतर. एक ठोका आधी आले."

मला ती जागा पाठ होती. आठवडाभर मला तीच जागा सगळ्यांत आवडत होती. गाणारी अजून श्वास घेत असते आणि काडी आधीच पोचलेली असते. "मला वाटलं, तू मुद्दाम आलीस," मी म्हणालो. "तिला टेकायला काहीतरी असावं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. खूप काही बोलावंसं वाटत होतं. गिटार बाहेर काढ म्हणावंसं वाटत होतं, तारा मी आणून देतो म्हणावंसं वाटत होतं, एक विनोदही ओठांवर आला होता. यातलं काही बोललो नाही. तिचा डावा हात गुडघ्यावर होता. दुसऱ्या ओळीला त्याची बोटं हलायला लागली. एक दाबलं, एक उचललं. ती काय करते आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. दुसरं कडवं संपलं. गाण्यातली काडी एक ठोका आधी आली. माझ्या शेजारची थांबली, आणि बरोबर जागेवर आली.

आपलं लक्ष नाही असं दाखवत मी समोरच्या रस्त्याकडे बघत बसलो.